छोटीचा शंख

डब्याचं झाकण उघडून तिने ओल्या पानाखाली बोट सरकवलं, पानाला चिकटलेली गोगलगाय अलगद सोडवली आणि तिचा शंख मायक्रोस्कोपखाली धरला. शंखाच्या तोंडाशी आतापर्यंत जी जाडसर कड होती, तिच्या पुढे नवा पट्टा आला होता. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, आरपार दिसणारा. तिने भिंग पुन्हा जुळवलं, पुन्हा पाहिलं. मग दुसरी गोगलगाय काढली, तिसरी काढली. सगळ्यांचं तेच.

“वाढतायत की या,” ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने धसकून भिंतीकडे पाहिलं.

गोगलगाय वाढली म्हणून कुणी धसकायचं खरं तर कारण नाही. पण या गोगलगायी वाढायला नको होत्या. ही जात वाटाण्याएवढी झाली की तिची वाढ पुरी होते असं छापील शास्त्र होतं, आणि ते शास्त्र ज्यांनी लिहिलं ते तिचे सर या क्षणी भिंतीपलीकडच्या खोलीत बसून कुणाच्या तरी प्रबंधावर लाल रेघा ओढत होते.

गोगलगाय वयात आली की शंखाच्या तोंडाची कड जाड होते आणि वाढ थांबते. गोगलगायवाले वय ओळखतात ते या कडेवरून. सर तरुण असताना त्यांना एका कोरड्या, खडकाळ टेकडीवर काही रिकामे शंख मिळाले होते. आकाराने पिटुकले, पण कड जाड. म्हणजे वयात आलेले. म्हणजे ही आजवर कुणी न पाहिलेली एक बुटकी जात, असं त्यांनी ठरवलं. नव्या जातीला नाव द्यायचा मान ती शोधणाऱ्याचा. सरांची एकुलती एक मुलगी त्याच्या आदल्याच वर्षी तापाने गेली होती. नुकती कुठे शाळेत जायला लागली होती. सरांनी गोगलगायीला तिचं नाव दिलं. शास्त्रीय शेपूट लावलेलं ते नाव विभागात कुणी उच्चारत नसे, सगळे नुसतं ‘छोटी’ म्हणत. विभागप्रमुखांच्या केसांच्या टोपापासून स्वतःच्या लग्नापर्यंत कशाचीही टिंगल करणाऱ्या त्या मंडळींनी छोटीची टिंगल मात्र कधी केली नव्हती.

आणि आता त्याच टेकडीवरून आणलेली डब्यातली छोटी पाणी, पाला आणि चुना मिळताच वाढायला लागली होती. त्याचा अर्थ तिला लगेच कळला. टेकडीवरचं पाणी आटलं की गोगलगाय शंखात दडी मारते, वाढ थांबते आणि थांबल्या जागी कड तात्पुरती जाड होते. ती जाडी वयाची नव्हतीच, नुसत्या थांबण्याची होती. छोटी ही वेगळी जात नव्हती. बागेच्या कुठल्याही भिंतीवर सरपटताना दिसते त्या थोराड गोगलगायीचं, विभागात जिला ‘थोरली’ म्हणत तिचं, ते पोर होतं. डीएनएचा रिपोर्टही हेच सांगत होता. तो आला तेव्हा आपणच कुठेतरी नळ्यांची अदलाबदल केली असणार असं समजून तिने स्वतःला शिव्या घातल्या होत्या. आता तीही सोय उरली नव्हती. एका प्राण्याला चुकून दोन नावं दिली गेली तर जुनं नाव चालतं आणि नवं मागे पडतं. नियम साधा होता, तिने तो परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

शेजारच्या टेबलावर खेकड्यांवर पीएचडी करणारा एकजण बसायचा. त्याला सगळे खेकडेवाला म्हणत आणि इतकी वर्षं खेकड्यांत काढल्यामुळे तो सरळ प्रश्नालाही आडवं उत्तर देतो असं म्हणत. तिला तो ‘गोगल’ म्हणायचा.

“काय गं गोगल, चेहरा का पडलाय?”

तिने मायक्रोस्कोप त्याच्याकडे वळवला. तो बराच वेळ डोळा लावून बसला.

“ही सरांची छोटी?”

“हं.”

“अगं, ही तर आपल्या कंपाउंडवरची थोरली आहे.”

“हं.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं.

“ऐक माझं. मूग गिळून गप्प बस. सर लवकरच रिटायर होतील, तूही सुटशील. पुढे कुणीतरी काढेल शोधून. कुणीतरी परकं, ज्याने सरांचं तोंड कधी पाहिलेलं नाही असं.”

“पण चूक आहे ना ती.”

“आहे. म्हणून म्हाताऱ्याच्या पोरीचं नाव तू खोडणार? तू?”

आडवं उत्तर द्यायची सवय असलेल्या माणसाने हे इतकं सरळ विचारलं की तिने डबा उचलून फळीवर ठेवून दिला. सर डूख धरतील, पदवी अडवतील असली भीती तिला नव्हती. सर तसे नव्हतेच. स्वतःच्या जुन्या लेखातला आलेख वर्गात फळ्यावर काढून तो कुठे चुकला हे विद्यार्थ्यांकडून वदवून घेणारा माणूस तो. तिला सर आवडत होते, खरी अडचण ती होती.

दर गुरुवारी दुपारी ती सरांना आठवड्याचं काम दाखवायला जायची. सरांची खोली म्हणजे छतापर्यंत लाकडी खण, खणांत शंख आणि उरलेल्या जागेत सर. विषय त्यांनीच तिला दिला होता. तिला फुलपाखरं हवी होती. “फुलपाखरांना काय, कुणीही मिळतं,” असं म्हणून सरांनी तिच्या गळ्यात गोगलगायी मारल्या होत्या, आणि यादीत छोटीचं नाव स्वतःच्या हाताने सगळ्यात वर घातलं होतं.

त्या गुरुवारी ती मनात वाक्य घोकत आत गेली. बाकीची कामं दाखवून झाली. सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसायला घेतला आणि चष्म्याकडेच बघत विचारलं,

“बाकी? आपली छोटी काय म्हणते?”

घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण चष्म्याशिवाय सरांचा चेहरा भलताच उघडा वाटत होता. तिने नजर खाली वळवली.

“सँपल कमी आहेत सर. रिपोर्टही धड आलेला नाही.”

“धड म्हणजे?”

“परत करावा लागेल.”

“कर की.” सरांनी रुमालाची घडी बदलली. “आणि जिवंत पाळल्यायस ना थोड्या? त्या कशा आहेत?”

“ठीक आहेत.”

“खातात?”

“खातात सर.”

“हं. नीट बघत जा. बघायचा कंटाळा करायचा नाही.”

ती बाहेर आली तेव्हा सर अजून चष्माच पुसत होते.

पुढच्या रविवारी एका प्रकरणाचा मसुदा द्यायच्या निमित्ताने ती सरांच्या घरी गेली. घरी माणूस जरा सैल असतो, तिथे सांगून टाकू, असं तिने ठरवलं होतं. सर कोपऱ्यावरच्या दुकानात बल्ब आणायला गेले होते. काकूंनी तिला बसवलं, चहा टाकला आणि बाहेर येऊन हातातल्या फडक्याने भिंतीवरची एक तसबीर पुसायला लागल्या. मुलीचा फोटो त्या घरात कुठे दिसत नव्हता. तसबीर होती ती एका शंखाच्या चित्राची. बारीक टाकाने काढलेली एकेक रेघ, तोंडाची जाड कड, खाली शास्त्रीय नाव.

“ह्यांनी काढलंय,” काकू म्हणाल्या.

“सुरेख आहे.”

“रोज पुसावं लागतं. धूळ फार.”

काचेवरून फडकं फिरत राहिलं. चित्रावर धुळीचा कण नव्हता. ती बघत राहिली आणि तिचं मन तिथल्या तिथे पक्कं झालं. हे आपल्या हातून व्हायचं नाही. सर आले, बल्ब बसवायला स्टुलावर चढले, वरूनच “काही विशेष?” म्हणाले आणि ती “नाही सर, सहजच” म्हणाली. चहा पिऊन ती निघाली ती मोठ्या हलक्या मनाने. रस्ताभर तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं. दोन म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी आपण वाचवलं आहे, आणि त्यांना ते कधी कळणारही नाही, असं तिला वाटत होतं. इतकं छान तिला पीएचडीच्या सगळ्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

चांगुलपणाला पुढे बरीच मेहनत पडते, हे तिला हळूहळू कळलं. डब्यातल्या गोगलगायी थांबेनात. बघता बघता त्या बोराएवढ्या झाल्या, मग सुपारीएवढ्या, आणि त्यांच्याकडे एक नजर टाकणाऱ्यालाही त्या कोण आहेत ते कळलं असतं. तिने तो डबा फळीवर मागे, जुन्या बाटल्यांच्या आड सरकवला आणि टेकडीवरून नव्या लहान गोगलगायी आणून पुढच्या डब्यात ठेवल्या. नेमके त्याच आठवड्यात सर लॅबमध्ये आले. ते सहसा येत नसत.

“दाखव बघू,” ते म्हणाले.

तिने पुढचा डबा उघडला. खेकडेवाला एकाएकी फार मन लावून खेकड्याच्या नांग्या मोजायला लागला, जणू त्या किती असतात हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी एक गोगलगाय उचलून डोळ्यांशी नेली, उजेडाकडे धरली, फिरवली.

“वाढल्या नाहीत?”

“नाही सर.”

“किती दिवस झाले?”

“झाले बरेच.”

खोटं बोलायचं असं ठरवून ती खोटं बोलली नव्हती. एक हातचं राखलं की दुसरं राखावंच लागतं, तसं ते होत गेलं. सरांनी गोगलगाय परत पानावर ठेवली. गोगलगायीने शंखातून डोळे बाहेर काढेपर्यंत ते वाकून बघत उभे राहिले.

“पाणी जरा जास्त घालून बघ,” ते म्हणाले. “चुनाही दे. कोरड्यात राहिलेला जीव आहे, त्याला घाई करून चालत नाही. पण पाणी घाल.”

“घालते सर.”

त्यानंतर कितीतरी गुरुवार सरांनी जाताजाता विचारलं, पाणी घालतेस ना? आणि ती म्हणाली, घालते. विचारताना सर कधी खिडकीबाहेर बघायचे, कधी खणाची कडी उगाच उघडझाप करायचे. तिला वाटायचं, सरांना छोटीची काळजी आहे. मोठ्या झालेल्या गोगलगायी तिने एका सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर सोडून दिल्या. पाळलेला प्राणी असा बाहेर सोडायचा नाही, हा पहिल्या वर्षी शिकलेला नियम तिने मोडला. त्या इतर गोगलगायींत अशा मिसळून गेल्या की तिला स्वतःलाही नंतर ओळखता आल्या नाहीत.

प्रबंधाची अनुक्रमणिका घेऊन ती गेली, त्या दिवशी सरांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि मग खालून वरपर्यंत वाचली.

“छोटी नाही यात.”

“तेवढं एक प्रकरण गाळलंय सर. वेळ पुरणार नाही.”

“मुदतवाढ मागू. मी लिहून देतो.”

“नोकरीचं जवळजवळ नक्की झालंय सर. आता लांबवायला नको वाटतं.”

सरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“मला वाटलं होतं...” असं म्हणून ते थांबले. ती पुढचं ऐकायला थांबली होती, पण पुढचं आलं नाही. “बरं. असू दे. काम चांगलं आहे तुझं,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

पदवी मिळाली. ती दुसऱ्या गावी शिकवायला गेली. सर रिटायर झाले आणि वर्षाच्या आत, एका सकाळी दाढी करता करता गेले. ती भेटायला आली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, काकूंशी चार शब्दही बोलता आले नाहीत. पुढे काही महिन्यांनी काकूंचाच फोन आला. शंख संग्रहालयाला द्यायचे आहेत, कुठलं काय ते मला कळत नाही, येतेस का?

ती गेली. बाहेरच्या खोलीत खोके मांडले होते. दुपारभर दोघी जमिनीवर बसून शंख कापसात गुंडाळत होत्या. तिने चिठ्ठी वाचायची, काकूंनी खोक्यात ठेवायचं. काकू मधूनच सरांवर चिडायच्या, ते समोर असल्यासारख्या. एवढे शंख जमवले, स्वतःचा एक मोजा कधी जागेवर सापडला नाही. तिला हसू आलं आणि बरंही वाटलं.

खोके भरत आले तेव्हा काकूंनी भिंतीवरची तसबीर खाली काढली.

“हेही देऊन टाक.”

“ते राहू दे ना काकू तुमच्याकडे.”

“मला कशाला? मला कधीच आवडलं नाही ते.” काकूंनी तसबीर खोक्यावर उपडी ठेवली. “माझी पोर काय शंखात होती? ह्यांना लागायचं भिंतीवर, म्हणून पुसत आले. चार दिवस पुसायला विसरले तर ह्यांचं तोंड बघवायचं नाही.”

तिच्या हातात एक शंख होता. त्याभोवती कापूस गुंडाळून झाला होता, तरी ती आणखी गुंडाळत राहिली.

“तुला तो विषय ह्यांनी का दिला, माहितेय?” काकूंनी विचारलं.

“गोगलगायींवर कुणी काम करत नाही म्हणून.”

“छे गं. चुकलंय हे ह्यांना केव्हाच कळलं होतं. एका ओल्या वर्षी परत त्या टेकडीवर गेले होते, तिथे त्या मोठ्या झालेल्या दिसल्या, तेव्हा कळलं. घरी आले ते जेवले नाहीत. दोन दिवसांनी मला सांगितलं. मी म्हटलं, मग लिहा तसं. बसायचे लिहायला. कागद पुढे घेऊन बसायचे आणि उठायचे. हात धजायचा नाही.”

काकू कापसाचा गोळा मोकळा करत होत्या आणि तो नीट सुटत नव्हता.

“मग म्हणायला लागले, कुणीतरी चांगला विद्यार्थी मिळू दे. तो शोधून काढेल, मला तोंडावर येऊन सांगेल, मग आम्ही दोघं मिळून लिहू. तेवढं झालं की सुटलो. आणि नाव काही पुसत नाहीत म्हणे तुमच्यात?”

“नाही पुसत.” तिने कापसाचं टोक आत खोचलं. “जुन्या नावाखाली लिहितात. कायम राहतं तिथे.”

“तेच सांगायचे मला. म्हणायचे, थोरल्या घरी नांदायला जाईल पोरगी. बापाने किती वर्षं अडवून धरायची?”

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली आणि थोड्या वेळाने घेऊन गेलं. काकूंनी कापूस बाजूला ठेवला.

“गुरुवारी हे घरी आले की मी दारातच विचारायचे, बोलली का? हे म्हणायचे, नाही. शेवटी शेवटी मी म्हटलं ह्यांना, अहो, तिला दिसलंय. तुम्हाला जपतेय ती. तर एवढे चिडले माझ्यावर! म्हणाले, ती माझी विद्यार्थिनी आहे. दिसलं असतं तर बोलली असती. पाणी कमी घालते ती, म्हणून दिसत नाही.” काकू किंचित हसल्या. “पाण्यावर अडून बसले होते. गेले तोवर तेच म्हणत होते, पोरगी गुणाची, पण पाणी कमी घालते.”

तिला रडू आलं नाही. आलं असतं तर फार बरं झालं असतं. जपायला निघाली होती ती दोघांना. आणि सरांनी मात्र शेवटपर्यंत तिचा शब्द खरा धरून तिच्या नजरेला कमी लेखलं होतं, तेही कुरकुर न करता. गुरुवारची ती खोली, पुसून पुसून स्वच्छ झालेला तो चष्मा, एका वाक्याची वाट बघत बसलेला माणूस. एकच वाक्य. ते तिच्या तोंडाशी होतं. ते बोलली असती तर सरांनी कदाचित टेबलावर डोकं टेकलं असतं, कदाचित नुसते हसले असते, आणि दुसऱ्या दिवशी दोघं लिहायला बसली असती.

“आता तूच सांग,” काकू म्हणाल्या. त्या तिच्याकडे रोखून बघत नव्हत्या, गुडघ्यावरचे कापसाचे धागे वेचत होत्या. “आमच्या दोघांत कोण बरोबर होतं?”

अजूनही सोपं होतं. ‘सर,’ एवढं म्हटलं की झालं असतं. म्हाताऱ्या बाईला नवऱ्याचं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान मिळालं असतं आणि हिच्यावर फार तर पाणी कमी घातल्याचा ठपका आला असता. तिने हातातला शंख खाली ठेवला.

“तुम्ही, काकू.”

काकूंनी मान हलवली. बराच वेळ त्या हलवतच राहिल्या. मग खोक्याचं झाकण दाबून बसवत म्हणाल्या,

“त्यांचंच खरं निघालं असतं तर बरं झालं असतं गं.”